माझ्या आवाजातली रजा

माझा आवाज गोड नाही. हे मी विनयानं सांगत नाहीये, अख्ख्या बुटीबोरीला ते माहीत आहे. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी, पाळ्या आणि रजा बघणाऱ्या गेटजवळच्या खोलीत, माझी उभी हयात गेली. मशीनच्या घरघरीत समोरच्याला ऐकू जावं म्हणून आवाज एकदा वर चढवला, तो घरीसुद्धा खाली उतरला नाही. मिस्टर म्हणतात, तू हळू बोललीस की मला धडकी भरते, कोण गेलं असं वाटतं. माइकवरून मी "दुसरी पाळी, गेटवर या" म्हटलं की समोरच्या टपरीवरची माणसं अर्धा कप चहा तसाच टाकून पळायची. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे रजेची एक रीत होती. नियमात काय लिहिलंय ते साहेब लोकांना ठाऊक. प्रत्यक्षात कामगार माझ्या खिडकीशी यायचा नाहीतर फोन करायचा. मी आधी त्याचा यथेच्छ उद्धार करायची आणि मग "जा" म्हणायची किंवा "नाही" म्हणायची. "जा" म्हटलं की रजा झाली. कागद मागाहून फिरत राहायचे. नवीन साहेब आले की पहिल्या आठवड्यात ही रीत मोडायची भाषा करायचे, आणि सणासुदीला मलाच येऊन विचारायचे, "बाई, आज कोण कोण नाही?"

मागच्या वर्षी पुण्याहून एचआरच्या मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, हुशार, बोलायला एकदम लाघवी. आल्या आल्या मला म्हणाल्या, "बाई, तुमचा आवाज किती ऑथेंटिक आहे!" माझ्या आवाजाला कोणी नावं ठेवली नाहीत असा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे मी विरघळले. त्यांनी मला मीटिंगच्या एसी खोलीत बसवलं आणि एक पोरगा लॅपटॉप घेऊन समोर बसला. माइकवरच्या सूचना नव्यानं रेकॉर्ड करायच्या आहेत म्हणाल्या. मी वाचत गेले. वाक्यं मात्र विचित्र होती. "बोला भाऊ, काय पायजे?" "तब्येत बरी हाये ना?" "काही घोर करू नोका." मी म्हटलं, मॅडम, हे माइकवर कोणाला सांगायचं? त्या हसल्या. चहा आला, समोसा आला. समोसा गरम होता, त्यामुळे मी पुढं काही विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास कँटीनमध्ये मोठा फलक लागला. आता रजा, पाळी, पगाराची कुठलीही चौकशी एका नंबरवर, चोवीस तास, आपल्या भाषेत. खाली लिहिलं होतं, कृत्रिम बुद्धिमत्ता. मी वाचलं आणि म्हटलं, चला, खिडकीवरची गर्दी तरी कमी होईल.

गर्दी कमी झाली, पण लोक माझ्याशी भलतेच वागायला लागले. पॅकिंगचा एक माणूस, जो माझ्यासमोर कधी मान वर करायचा नाही, तो हात जोडून म्हणाला, "बाई, काल तुमी माह्या बुढीच्या तब्येतीचं इचारलं, लय बरं वाटलं." मी त्याच्या बुढीला, म्हणजे आईला, जन्मात पाहिलेलं नाही. नरखेडकडच्या एका कामगारानं घरच्या बागेतल्या संत्र्यांची थैलीच खिडकीत आणून ठेवली. "कायले रे?" विचारलं तर म्हणाला, "तुमी धीर देल्ला म्हून." मी काही त्याला धीरबीर दिला नव्हता. पण संत्री चांगली होती, नाही म्हणवलं नाही. दुसरीकडे कार्डिंगमधला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यातला, एक जण माझ्याकडे बघून तोंड फिरवायला लागला. कारण काय, तर म्हणे मी त्याला पाळी बदलून देईन म्हटलं आणि दिली नाही.

शेवटी कोणीतरी सांगितलं, बाई, त्या नंबरवर तुमीच त बोलता. मी दुपारच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन फोन लावला. पलीकडून मी बोलले. "बोल वं बाई, काय पायजे?" माझाच आवाज, तीच धार, पण वर साय धरलेली. मी मुद्दाम म्हटलं, मले बरं वाटत नाही. तर ती म्हणाली, "अवं माय, काळजी घेजो. दवाखान्यात दाखवलं का? कामाचं मी पाहून घेईन." इतक्या मायेनं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं बऱ्याच दिवसांत, आणि बोललं ते मीच. मला रडू यावं की शिवी यावी हे कळेना. शिवी आली.

तशीच तरातरा एचआरमध्ये गेले. "मॅडम, माझा आवाज त्या मशीनमध्ये कसा गेला?"

"बाई, लोकांना आपलं वाटावं म्हणून. बघा ना, तुम्ही किती फेमस झालात!"

"पण मला विचारलं काहून नाही?"

"विचारलं होतं की. तुम्ही चहा घेतलात ना त्या दिवशी!"

मग कळलं की टाइम ऑफिसातला माझा फोनही कितीतरी महिने रेकॉर्ड होत होता. मी कोणाला कसं बोलते, रजा कशी देते, हे सगळं त्या मशीनला ऐकवून शिकवलं होतं. शिव्या तेवढ्या चाळून काढल्या होत्या. म्हणजे तांदूळ टाकून कोंडा ठेवावा तसं झालं, कारण माझी शिवी ऐकली की माणसाला कळायचं, आता बाई विचार करून राहिली. मी म्हटलं, आणि ती रजा पण देते का? मॅडम म्हणाल्या, "छे छे, ती फक्त विनंती नोंदवते. मंजूर करायचा अधिकार तिला नाही." मी म्हटलं, हे तिला सांगितलंय का? त्या पुन्हा हसल्या. त्या पोरीला हसण्याची फार सवय.

आता माझ्या जोडीदारणीचं सांगते. रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, काम करते. आम्ही दोघी अजनीपासून कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतो, ती खिडकीशी, मी बाहेरच्या बाजूला. तिचा डबा मी खाते, माझा ती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं लेक शिकवली आणि पारशिवनीला दिली. लेकीचं पहिलंच बाळंतपण. रिवाजाप्रमाणे पोरगी माहेरी यायची, पण डॉक्टरनं तिला पलंगावरून हलू नको सांगितलं, म्हणून आईनंच तिकडे जायचं ठरवलं. ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत ती निघून गेली (त्या नंबरवर रजा मांडली असेल असं मी धरून चालले) आणि बारा-चौदा दिवसांनी आली, नातू झाल्याचे पेढे घेऊन.

गेटवर तिचं कार्ड चाललं नाही. विनापरवानगी गैरहजर म्हणून तिला कामावर घेऊ नका असा हुकूम होता. पेढ्यांचा डबा हातात घेऊन ती माझ्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाईनं जा म्हटलं, म्हून गेली मी."

"कोनत्या बाईनं?"

"तूनंच. फोनवर."

"अवं, थे मी नोहो! थे मशीन होय!"

"आवाज त तुहाच होता," ती म्हणाली आणि मला एक पेढा दिला.

मिलचा नियम असा की इतके दिवस न सांगता गैरहजर राहिलं की नाव पटावरून जातं. पण इतक्या जुन्या कामगाराला तसं काढता येत नाही, आधी घरगुती चौकशी करावी लागते. म्हणजे बाहेरचा एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसतो. त्याला पैसे कंपनीच देते, आणि तो निःपक्षपाती असतो. कामगाराच्या बाजूनं युनियनचा एक माणूस बसतो. चौकशीत दोष सिद्ध झाला की हातात नारळ. माझ्या जोडीदारणीला निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. या वयात बाईला दुसरं कोण कामावर ठेवतं? ती तेवढंच म्हणाली, "नोकरी गेली त लेकीच्या दारात बसाव लागंन." बसमध्येही ती यायची बंद झाली. खिडकीची जागा रिकामी, आणि मी सवयीनं तिकडे बघून बोलायला तोंड उघडायची. फार वाईट वाटायचं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही कंपनीच्या साक्षीदार. फार काही नाही, तुम्हाला विचारतील, तुम्ही रजा दिली होती का? तुम्ही फक्त 'मी दिली नाही' म्हणायचं. खरं तेच बोलायचंय."

खरं तेच होतं, वाद नाही. मी नव्हतीच दिली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खरं बोल म्हणून सांगत होतं आणि खरं बोलून माझ्याच मैत्रिणीच्या पोटावर पाय येत होता. मी घरी येऊन मिस्टरांवर विनाकारण डाफरले. ते निवांत जेवत राहिले. मी जोरात बोलतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं त्यांना वाटलं असणार.

चौकशी त्याच एसी खोलीत झाली, जिथं मी समोसा खाल्ला होता. चौकशी अधिकारी नागपूरचे जुने वकील, पोट सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. मॅडम लॅपटॉप घेऊन. युनियनचा माणूस हात बांधून. आणि माझी जोडीदारीण एका कडेला, धुवट साडी, हात मांडीवर. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडमनी आधी रेकॉर्डिंग लावलं. माझी जोडीदारीण फोनवर मशीनशीच बोलली, माणसाशी नाही, एवढं दाखवायचं होतं त्यांना. खोलीत पहिल्यांदा तिचा आवाज आला, दबका, "बाई, लेकीची पयली येळ हाये, डॉक्टर हलू देत नाही तिले." आणि मग माझा. "जा वं माय, जा. पयल्या येळेले माय जवळ पायजे. इथलं मी पाहून घेईन. यायची घाई करू नोको."

वकिलांनी डोळे पूर्ण उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, हा आवाज तुमचा?"

मॅडमच पटकन म्हणाल्या, "सर, टेक्निकली आवाज कंपनीच्या सिस्टमचा आहे. आवाजाची मालकी आमची. पण जे बोललं गेलं त्याची जबाबदारी कंपनीची नाही."

माझं डोकंच सटकलं. आवाज माझा, तो यांनी चहावर घेतला, आता तो यांचा. आणि त्यातून निघालेला शब्द मात्र कोणाचाच नाही! म्हणजे विहीर यांची पण पाणी हवेतून आलं. अंगाचा असा तिळपापड झाला की काय बोलायचं ठरवून आले होते ते विसरूनच गेले.

"साहेब," मी म्हटलं, "आवाज माझा आहे. आणि म्हटलं पण मीच."

"काय म्हटलं?"

"जा म्हटलं. फोन मी घेतला, रजा मी दिली."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बाई! असं कसं? हे मशीन आहे!"

"मशीन कसं असेल? ऐका ना परत. माझ्याच घशातून निघून राहिलं. इतकी वर्षं मिलमध्ये रजा कोण देते? मीच देते. विचारा कोणालेही." चिडले की मी लिहिण्यातली भाषा विसरते.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे मशीनच होतं हे तुम्ही कसं दाखवाल?"

"कंपनीचा इंजिनिअर सांगेल, सर. बेंगळुरूहून बोलावता येईल. आम्ही बाईंच्या आवाजाचे नमुने घेऊन, त्यांचे फोन रेकॉर्ड करून..." आणि त्या थांबल्या.

"बोला, बोला. फोन रेकॉर्ड होताहेत हे बाईंना माहीत होतं?"

"तसं... नाही."

"आवाज वापरायची संमती?"

"सर, त्यांनी चहा-समोसा घेतला होता. आणि त्या हसल्या होत्या."

"हसल्या होत्या," वकील म्हणाले. "हे मी लिहून घेऊ का?"

युनियनच्या माणसानं आता कुठे हात सोडले. वकिलांनी एक लांब श्वास घेतला आणि मॅडमना लेकरासारखं समजावलं. बोलणारी बाई असेल तर रजा रीतीप्रमाणे दिलेली आहे, कामगार निर्दोष. बोलणारं मशीन असेल तर ते कंपनीनं बसवलं, कंपनीच्या नंबरवर बसवलं, फलक लावून लोकांना फोन करायला लावलं, आणि कामगार त्याच्या शब्दावर गेली, तरी ती निर्दोष. वर बाईच्या आवाजाचं प्रकरण निराळं. ते कोर्टात गेलं तर तिथं चहा-समोसा चालत नाही. "कोणत्या दारानं बाहेर पडायचं ते तुम्हीच ठरवा," म्हणाले.

मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, माझ्याकडे वळले. "बाई, एक विचारतो. ही तुमची मैत्रीण आहे म्हणे. मैत्रीण म्हणून सूट दिली का?"

हा प्रश्न मला झोंबला. "साहेब, मैत्रिणीले त मी कधीच सूट देल्ली नाही. सगळ्याइले देईन, हिले नाही. बोट दाखवायले जागा ठेवत नाही मी. ही पहिलीच." हे मी अगदी ताठ मानेनं सांगितलं. जोडीदारणीनं तेव्हा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याच्या आत सगळं मिटलं. ती कामावर रुजू झाली, गैरहजेरीची रजा धरली. मशीन काही दिवस मुकं होतं, नंतर एका पुरुषाच्या गुळगुळीत आवाजात बोलू लागलं. तो आता काहीही विचारलं तरी "आपली विनंती नोंदवली आहे" एवढंच म्हणतो, कारण वकिलानं तसं सांगितलं आहे. त्याला कोणी संत्री देत नाही. आणि मला लेखी ताकीद मिळाली. अधिकार नसताना, अत्यंत आपुलकीच्या शब्दांत रजा मंजूर केल्याबद्दल. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या गोड बोलण्याचा कुठं उल्लेख असेल तर तो त्या ताकिदीत आहे.

ती कामावर आली त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा शेजारी बसलो. बस निघाली. मला वाटत होतं, आता ही बोलेल, हात धरेल, कदाचित रडेल. मी मनातल्या मनात "जाऊ दे वं, त्यात काय" असं म्हणायची तयारीसुद्धा केली होती. ती खापरीपर्यंत बाहेर बघत बसली. मग म्हणाली,

"खोटं काहून बोलली तू?"

"मग काय करू? तुही नोकरी जाऊ देऊ?"

"मले मालूम होतं थे मशीन हाये."

"कवा कळलं? मी सांगितलं तवा?"

"नाही. फोनवरच. तू 'बोल वं बाई' म्हटलं, अन् मले कळलं ही तू नोहोस."

मी उडालेच. "मग माहीत असून गेली काहून बह्याडासारखी? नोकरी जात होती ना!"

"त्या दिवशी सकाळी बसमधून उतरल्यावर रीतीनं तुह्या खिडकीवर आली होती मी पयले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. "लेकीचं सांगाले. तू मान वर नाही केली. म्हणाली, दिवाळीची ऑर्डर हाये, तू त मले इचारूच नोको."

मी आठवायला लागले. मला ती सकाळ आठवेना. खिडकीवर रोज इतके लोक येतात. मी खरंच तसं म्हटलं असणार, कारण मी तसंच म्हणते. नातवाचं तोंड बघायला जाणाऱ्या बाईला मी नाही म्हटलं होतं आणि ते माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. इतकी लाज मला ताकीद घेताना वाटली नव्हती.

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय. दुपारी फोन लावला." बस अजनीला तिच्या स्टॉपशी हळू झाली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर आली आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू माह्यासाठी खोटं बोलली, थे मी जन्मात इसरणार नाही वं. पण 'जा' म्हणायले मशीनच कामी आलं."